खिडक्यांभोवतीचं वलय

प्रश्न : मॅजिक लँटर्नसाठी, म्हणजे काचेवरची चित्रं पडद्यावर दाखवणाऱ्या जुन्या यंत्रासाठी केलेली, एका जुन्या कॅथेड्रलच्या आतल्या भागाची काचेची स्लाइड माझ्याकडे आहे. खिडक्यांभोवती पांढरं वलय आहे आणि एवढ्या मोठ्या वास्तूत माणूस एकही नाही. स्लाइड खराब झाली आहे का? ती पुसावी कशी?

उत्तर : वलयामुळे स्लाइड खराब झाली असं समजू नका. बहुधा ते मूळ निगेटिव्हमधूनच आलं आहे. अंधाऱ्या कोपऱ्यातलं कोरीवकाम उठावं म्हणून निगेटिव्हच्या काचेला (प्लेटला) भरपूर वेळ प्रकाश द्यावा लागे. तेवढ्यात खिडकीचा झगझगीत उजेड इमल्शन (काचेवरचा प्रकाशाने काळा होणारा थर) पार करून काचेच्या मागच्या पृष्ठभागावर आदळे आणि तिरका परतून शेजारचं इमल्शनही काळं करी. पॉझिटिव्हमध्ये तोच भाग पांढरा दिसतो. उजेड असा परतू नये म्हणून जाणते छायाचित्रकार प्लेटच्या पाठीला कॅरमेल आणि बर्न्ट सिएना या तपकिरी रंगाचा लेप लावत आणि डेव्हलप करण्याआधी तो पुसून टाकत. लेप काचेला घट्ट चिकटला नाही, तर मधल्या हवेच्या थरामुळे वलय येईच.

माणसं नाहीत, कारण कॅमेऱ्याच्या भिंगाचं छिद्र एफ/३२ इतकं किंवा त्याहून बारीक करून काही मिनिटं, कधी तासभरही उघडं ठेवलं जाई. चालत गेलेल्याची खूणही उरत नाही. थोडा वेळ थांबलेला मात्र पारदर्शक सावलीसारखा उमटतो; स्लाइडवर बाकांजवळ बहिर्गोल भिंगातून नीट पाहा. जिथे उजेडच नव्हता तिथे मॅग्नेशियम जाळत. खगोलशास्त्रज्ञ पियाझी स्मिथ यांनी १८६५ मध्ये गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत असेच फोटो घेतले. कोंदट जागेत त्याचा पांढरा धूर रेंगाळतो, म्हणून पुढच्या फोटोआधी थांबावं लागे.

आता पुसण्याचं. स्लाइडमध्ये सहसा दोन काचा असतात : एकीवर आतल्या बाजूला चित्र, दुसरी झाकणाची, मध्ये काळ्या कागदाची चौकट आणि कडेला चिकटपट्टी. काचेवर पाणी कधीही फवारू नका. पट्टीखालून आत शिरलं, तर चित्राच्या थरातलं जिलेटिन फुगून झाकणाच्या काचेला चिकटतं. मऊ कापड डिस्टिल्ड पाण्यात जेमतेम ओलसर करा आणि फक्त बाहेरच्या बाजू पुसा, कडा सोडून. झाकणाची काच नसेल, तर चित्राच्या बाजूला हात लावू नका. तिथे मऊ ब्रशने धूळ झटकणंच योग्य. पट्टी सुटलेली असली, तरी जुनी ओरबाडून काढू नका, तिच्यावर बरेचदा ठिकाणाचं नाव असतं.

कोपऱ्यात पांढरा ठिपका असेल, तर तो डावीकडे खाली येईल अशी स्लाइड समोर धरा. चित्र सहसा सुलट दिसतं.