बारा नगांचे गणित

प्रश्न : आमच्या नेमबाजी मंडळातील काही सदस्यांकडे एकाच जुन्या बनावटीच्या लक्ष्यवेधी रायफली आहेत. त्यांवर दुर्बीण बसवण्यासाठी लागणारा बेस उत्पादकाने बनवणे बंद केल्याने आम्ही ॲल्युमिनियमचे बारा बेस सीएनसीवर (संगणकाच्या आज्ञेने धातू कापणाऱ्या मशिनवर) करून घेण्याचे ठरवले. परंतु एका नगाचा जो भाव सांगण्यात आला, तो बाजारातील तयार बेसच्या कित्येक पट आहे. हा भाव रास्त आहे का, आणि तो कमी कसा करता येईल? पुढे ट्रिगर आणि बोल्टचे भागही असेच करून घ्यावेत, असा विचार आहे.

उत्तर : आपल्याला सांगितलेला भाव बहुधा रास्तच आहे. तयार बेस मोठ्या संख्येने निघतो, आणि त्याची पूर्वतयारी एकदाच करून तिचा खर्च हजारो नगांवर विभागलेला असतो. आपल्या कामात मात्र तोच खर्च बारा नगांना उचलायचा आहे. ड्रॉइंगवरून मॉडेल तयार करणे, टूलपाथ म्हणजे कटरच्या फिरण्याचा मार्ग आखणे, जॉब म्हणजे कापायचा तुकडा पकडण्यासाठी व्हाइसचे सॉफ्ट जॉ (त्याच्या आकाराचे मऊ जबडे) कापून घेणे, प्रत्येक टूलची लांबी मशिनला देणे, पहिला नग हळूहळू काढून तो मोजणे आणि दुरुस्ती करून पुन्हा काढणे, या सगळ्याला मिळून समजा आठ तास लागले आणि प्रत्यक्ष कटिंगला नगामागे वीस मिनिटे लागली. मग एकच नग केला तर त्याच्या वाट्याला आठ तास वीस मिनिटे येतात, बारा केले तर नगामागे बरोबर एक तास येतो, पंचवीस केले तर सुमारे एकोणचाळीस मिनिटे, आणि शंभर केले तर जवळजवळ पंचवीस. बारावरून पंचवीसवर जाताना जेवढी बचत होते, तेवढी पंचवीसवरून शंभरवर जातानाही होत नाही. म्हणून त्याच बनावटीची रायफल वापरणारे आणखी एखादे मंडळ सोबत आले, तर भाव लक्षणीय उतरेल. केवळ घासाघीस करून तो फारसा उतरणार नाही.

खर्च खऱ्या अर्थाने कमी होतो तो ड्रॉइंगवर. आपल्या बेसची खालची बाजू रिसीव्हरच्या (बोल्ट ज्यात सरकतो त्या रायफलीच्या मुख्य सांगाड्याच्या) गोलाईला जुळणारी आहे आणि वरच्या बाजूला आडव्या खाचा आहेत, म्हणजे जॉब किमान दोनदा पकडावा लागणार. त्यात एका बाजूने तिरके छिद्र असेल तर तिसरे सेटिंग आले, आणि प्रत्येक सेटिंगबरोबर नव्याने शून्य धरणे, म्हणजे मापांचा आरंभबिंदू मशिनला देणे आले. ते छिद्र सरळ करता आले तर एक सेटिंग वाचेल. आपण वरचा भाग पिकॅटिनी (दुर्बिणीसारखी साधने बसवण्याच्या, आडव्या खाचांच्या प्रमाणित रेलच्या) मापाचा मागितला आहे का, हेही तपासावे. १९९५ साली प्रमाणित झालेल्या या मापात खाचेची रुंदी ५.२३ मिलिमीटर आणि दोन खाचांमधील अंतर १०.०१ मिलिमीटर असते, आणि कडेच्या आत वळणाऱ्या उतारासाठी साधी एंडमिल (सरळ दांड्याचे कटर) चालत नाही, वेगळे कटर लागते. प्रत्येक रायफलीवर एकच दुर्बीण कायम राहणार असेल, तर पूर्ण लांबीच्या रेलऐवजी पुढे एक आणि मागे एक असे दोन आखूड बेस पुरतात.

टॉलरन्सविषयी, म्हणजे मापात चालणाऱ्या कमी-जास्त फरकाविषयी, थोडे सविस्तर लिहितो, कारण हौशी ड्रॉइंगमध्ये सर्वाधिक पैसा इथेच वाया जातो. प्रत्येक मापापुढे ‘०.०१ मिलिमीटर अधिक-उणे’ लिहिलेले ड्रॉइंग पाहिले की कारागीर प्रत्येक माप मायक्रोमीटरने तपासण्याचा वेळ भावात धरतो, आणि त्यात त्याची काहीच चूक नसते. आपल्या बेसमध्ये खऱ्या महत्त्वाच्या गोष्टी चारच आहेत : खालची गोलाई, स्क्रूच्या छिद्रांची जागा, खाचेची रुंदी आणि रेलची रुंदी. बाकीच्या मापांना आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या आंतरराष्ट्रीय मानकातील मध्यम श्रेणी लावली तरी चालते. त्या श्रेणीत ३० ते १२० मिलिमीटरच्या मापाला ०.३ मिलिमीटर अधिक-उणे चालते. आतले कोपरे काटकोनी मागू नयेत. फिरणारे टूल आतल्या कोपऱ्यात आपली गोलाई सोडतेच, आणि ती नको असेल तर वायरकटसारखी (विजेच्या ठिणग्यांनी बारीक तारेने कापण्याची) वेगळी प्रक्रिया करावी लागते.

मालात काटकसर करू नका. ६०६१-टी६ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची यील्ड स्ट्रेंग्थ (कायमचा वाकण्याआधी तो झेलतो तो ताण) सुमारे २७५ मेगापास्कल, तर ७०७५-टी६ ची सुमारे ५०० मेगापास्कल असते. दोघांच्या किमतीत फरक आहे, पण तासाभराच्या मशिनकामापुढे या छोट्याशा ठोकळ्याचा फरक किरकोळ ठरतो.

ॲनोडायझिंगचा, म्हणजे ॲल्युमिनियमवर विजेच्या साहाय्याने ऑक्साइडचा संरक्षक थर चढवण्याचा, विचार मात्र ड्रॉइंग करतानाच व्हायला हवा. हार्ड ॲनोडायझिंगचा थर साधारण ५० मायक्रॉनचा असतो. त्यातील निम्मा धातूच्या आत जातो आणि निम्मा बाहेर वाढतो. छिद्रातील आट्यांच्या तिरक्या बाजूंवर तो दोन्हीकडून वाढत असल्याने पिच डायमीटर (आट्यांच्या मध्यावर धरलेला व्यास) त्या बाहेरच्या वाढीच्या चौपट, म्हणजे सुमारे १०० मायक्रॉनने कमी होतो. माझ्या एका ब्रॅकेटच्या कामात मी हे विसरलो होतो. नग काळेभोर, देखणे होऊन आले, आणि एम४ चा स्क्रू दीड फेरा जाऊन थांबला. टॅप (आटे पाडण्याचे हत्यार) फिरवून आटे मोकळे करायला गेलो, तर त्या कठीण थरावर टॅपच बोथट झाला. तेव्हापासून मी आट्याची छिद्रे बुजवून ॲनोडायझिंगला देण्याची सूचना ड्रॉइंगवरच लिहितो. ॲनोडायझिंगचे पैसे बहुधा संपूर्ण लॉटवर लागतात, त्यामुळे सर्व नग एकाच वेळी आणि एकाच रंगात द्यावेत.

आणखी एक गोष्ट मशिनवर दिसत नाही. एका बाजूने बरेच मटेरियल काढलेली पातळ पट्टी व्हाइसमध्ये पकडलेली असताना तिच्यावर डायल (उंचसखलपणा दाखवणारे काट्याचे मापक) फिरवला, तर काटा हलत नाही. व्हाइस सैल केला की तीच पट्टी मधोमध मिलिमीटरच्या शंभर भागांतील सात-आठ भाग वर उचलली गेलेली आढळते. अशी पट्टी रिसीव्हरवर स्क्रूने ताणून बसवली की दुर्बिणीच्या नळीवर ताण येतो आणि निशाण सरकू लागते. म्हणून आधी रफ कटिंग, मग जॉब मोकळा करून हलक्या दाबाने पुन्हा पकडणे आणि शेवटी फिनिशिंग, असा क्रम मागावा. त्यासाठी थोडा वेळ वाढेल, तो वाढू द्यावा. धातूला हात लावण्यापूर्वी मॉडेलवरून थ्रीडी प्रिंटवर एक प्लॅस्टिकचा नमुना काढून तो प्रत्येक रायफलीवर बसवून पाहा. जुन्या रायफलींवर पॉलिश आणि दुरुस्ती झालेली असते, त्यामुळे बाराही रिसीव्हर सारखे निघतील असे गृहीत धरू नये.

ट्रिगर आणि बोल्ट यांचा विचार कृपया सोडून द्यावा. बोल्ट काडतुसाचा दाब झेलतो. त्याचा पोलाद, हीट ट्रीटमेंट आणि हेडस्पेस (बंद बोल्टपुढे काडतुसाला मिळणारी जागा) यांतील चूक डोळ्यांना दिसत नाही, ती गोळी झाडताना कळते. ट्रिगरच्या सिअरची (ट्रिगर ओढेपर्यंत आघात अडवून धरणाऱ्या खिट्टीची) कड किंचित चुकली, तर रायफल नुसती आपटल्यानेही सुटू शकते. शिवाय अनेक देशांत बोल्ट, नळी आणि रिसीव्हर हे स्वतंत्रपणे नियंत्रित भाग आहेत. युरोपीय संघाच्या २०२१ च्या शस्त्रविषयक निर्देशात त्यांची गणना अत्यावश्यक घटकांत केलेली आहे. हे काम परवानाधारक शस्त्रकारागिराकडेच द्यावे. बेसबद्दलही आपल्याकडील नियम ऑर्डर देण्याआधी लेखी विचारून घ्यावा.

प्रश्न : असे लहान भाग वारंवार लागत असतील, तर मंडळाने स्वतःचे छोटे सीएनसी मशिन घ्यावे का?

उत्तर : केवळ बारा बेससाठी घेऊ नये. मशिनच्या किमतीबरोबर व्हाइस, कटर, मायक्रोमीटर, डायल, प्लग गेज (छिद्राचे माप तपासण्याचा दांडा) आणि सॉफ्टवेअर यांचा खर्च येतो, आणि हलक्या मशिनची चौकट लवचीक असल्यामुळे तेच काम फार उथळ कट घेत, हळू करावे लागते. सदस्यांपैकी कुणाला मशिनकामाचीच मनापासून ओढ असेल, तर गोष्ट वेगळी. त्याने सुरुवात चीकपीसच्या (गाल टेकवायच्या भागाच्या) क्लॅम्पपासून किंवा बटप्लेटच्या (खांद्याला टेकणाऱ्या पट्टीच्या) स्पेसरपासून करावी. तिथे दोन-तीन नग बिघडले तरी रायफलीला धोका नसतो, आणि पकड, टूल व मोजमाप या तिन्ही गोष्टींवर हात बसतो.