ट्रोपोनिन वाढलेलं, इको नॉर्मल: मग एमआरआय कशाला?

ताई, तुमचा मुलगा १४ वर्षांचा, कराडजवळच्या तालमीत जाणारा. ताप-जुलाब झाले, आठवड्याने छातीत दुखलं, ईसीजीत बदल, रक्तातलं ट्रोपोनिन हे प्रथिन वाढलेलं. टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, मात्र नॉर्मल. आता दुखत नाही, तरी मायोकार्डायटिसच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज असल्याच्या, शंकेने डॉक्टर पुण्याला कार्डियाक (हृदयाचा) एमआरआय सांगतात. तो टाळावा का, आणि यात्रेतल्या कुस्तीला पोराला सोडावं का, असं तुम्ही विचारलंय. मी मिरजेत लहान मुलांच्या आयसीयूत नर्स होते, त्या अनुभवावर लिहिते.

कुस्ती नाही. वस्ताद काहीही म्हणोत. हृदयाच्या स्नायूला सूज असताना जोर-बैठका मारल्या तर ठोक्यांची लय जीवघेणी बिघडू शकते, म्हणून साधारण ३ ते ६ महिने खेळ बंद ठेवतात. दुखणं थांबलं म्हणजे सूज उतरली असं नसतं.

आता इको. तो हृदय पंप कसं करतंय ते दाखवतो. विहिरीवरची मोटर पाणी ओढतेय म्हणून तिचं वायंडिंग धड आहे असं होत नाही ना? या वयात सूज बरेचदा ठिकठिकाणी असते, पंपिंग चांगलं राहतं. ट्रोपोनिन मात्र हृदयाच्या दुखावलेल्या स्नायूतूनच रक्तात उतरतं, त्यामुळे ते वाढलेलं असताना नॉर्मल इकोवर विसंबू नका. एमआरआयमध्ये सूज आणि इजा दोन्ही दिसतात. त्यासाठीचे ‘लेक लुईस’ निकष २०१८ मध्ये सुधारले गेले. उशीर केला तर सूज ओसरते, मग उत्तर धूसर येतं. तुमचा मुलगा सांगितल्यावर श्वास रोखून पडेल. तान्ह्या बाळाला भूल द्यावी लागते, आणि कमजोर हृदयाला भूल हीच मोठी जोखीम असते.

तान्ह्यांचं निदान मुळातच अवघड. उलट्या, पोटदुखी, धाप यांमुळे ते ‘पोट बिघडलंय’ किंवा ‘न्यूमोनिया’ यांत खपून जातं. ताप उतरल्यावरही नाडी धावत असेल, यकृत वाढलेलं असेल, सलाईन भराभर दिल्यावर मूल आणखी धापा टाकू लागलं, तर आमचे डॉक्टर आधी ईसीजी मागवायचे.

पूर्वी पक्कं निदान म्हणजे हृदयाचा तुकडा काढून तपासणं. १९८६ चे ‘डॅलस’ निकष त्यावरच उभे आहेत. पण सूज ठिकठिकाणी असल्याने तुकडा नेमका निरोगी जागेचा निघू शकतो, शिवाय लहान हृदयाला धोका वेगळाच. म्हणून मुलांत ही तुकड्याची तपासणी (बायोप्सी) कमी होते, आणि अभ्यासांत ‘पक्के’ व ‘बहुधा’ असे रुग्ण मिसळतात. आयव्हीआयजीसारखं (शिरेतून दिल्या जाणाऱ्या प्रतिपिंडांचं) महागडं औषध मुलांना सर्रास दिलं जातं, तरी त्याचा ठाम पुरावा नाही, त्यामागे हेही एक कारण आहे.

व्हॉट्सअॅपवर कोविड लशीचं येईलच. एमआरएनए लशींनंतर किशोरवयीन मुलांत हा आजार क्वचित दिसला, हे खरं. आपल्याकडे मुलांना मुख्यतः कोव्हॅक्सिन आणि कॉर्बेव्हॅक्स दिल्या, त्या एमआरएनए नव्हेत. नेहमीचं कारण विषाणूच.

पुण्याला जाताना सगळे ईसीजी तारीख-वेळ घालून, ट्रोपोनिनचे रिपोर्ट आणि क्रिएटिनिनचा (मूत्रपिंडाच्या रक्ततपासणीचा) रिपोर्ट सोबत न्या. एमआरआयचं कॉन्ट्रास्ट, म्हणजे शिरेतून द्यायचं औषध, देण्याआधी क्रिएटिनिन विचारतात. आयब्युप्रोफेन ही दुखण्याची गोळी मनाने देऊ नका. खेळ सुरू करण्यापूर्वी इको, २४ तासांचं होल्टर (अंगावर बांधून ठोके नोंदवणारं यंत्र) आणि ट्रेडमिल टेस्ट मागून घ्या. मधल्या काळात चक्कर येऊन पडला, छातीत धडधडलं किंवा दम लागला, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट कॅज्युअल्टी गाठा.