ड्युरा मेटरमध्ये मज्जातंतू असतात, तर माझ्या एच अँड ई (हिमॅटॉक्सिलिन-इओसिन या नेहमीच्या रंगाच्या) स्लाइडवर एकही का दिसत नाही? कोणता स्टेन वापरू?

असतात, आणि भरपूर असतात. दोष ड्युराचा नाही, छेद घेण्याच्या पद्धतीचा आहे. ड्युरा म्हणजे मेंदूवरचं सगळ्यात बाहेरचं आवरण, दाट कोलॅजनचा पडदा आणि मज्जातंतू त्या पडद्यात आडवे पसरलेले. त्याचा ५ मायक्रॉनचा उभा छेद घेतला की बारीक तंतूचा फार तर एक ठिपका हाती लागतो. मायलिनचं वेष्टण नसलेला सी तंतू (वेदना वाहणारा बारीक तंतू) जेमतेम १ मायक्रॉनचा. असे बरेच तंतू एकाच श्वान (Schwann) पेशीत, म्हणजे तंतूंना वेढणाऱ्या पेशीत, गुरफटलेले असतात आणि एच अँड ईमध्ये तिचं लांबट केंद्रक फायब्रोब्लास्टच्या (कोलॅजन बनवणाऱ्या पेशींच्या) केंद्रकात सहज खपून जातं.

यातूनच 'ड्युरातल्या नर्व्ह फक्त मिडल मेनिन्जिअल धमनीला (ड्युराच्या मुख्य धमनीला) धरून असतात' असं छातीठोकपणे सांगणारे तयार होतात. त्यांच्या छेदात तेवढाच जाड गठ्ठा सापडतो! वर डोकेदुखीवर संशोधन करणाऱ्या रे आणि वुल्फ यांच्या १९४० च्या कामाचा दाखला देतात. त्यात जाग्या रुग्णांच्या ड्युराला चेतना दिल्यावर वेदना मुख्यतः धमन्या आणि सायनसच्या (ड्युरातल्या शिरांच्या मोठ्या वाटांच्या) आसपास उठली, हे खरं. पण वेदना कुठे उठते आणि तंतू कुठे आहेत, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

तेव्हा ड्युरा कापू नका, अख्खा पसरून चमकत्या खुणेच्या अँटिबॉडीने रंगवा. रॅटमध्ये आधी हेपरिन घातलेल्या सलाइनने रक्त धुऊन काढा, मग ४ टक्के पॅराफॉर्माल्डिहाइड. रक्त राहिलं तर तांबड्या पेशी स्वतःच चमकतात. कवटीची टोपी पीबीएसमध्ये (फॉस्फेट बफर सलाइनमध्ये) बुडवून कडेकडून बोथट चिमट्याने ड्युरा सोडवा. कवटीच्या हाडांच्या शिवणीपाशी धसमुसळेपणा नको. तिथे ड्युरा हाडाला घट्ट धरलेला असतो आणि काही तंतू शिवणीतून थेट बाहेरच्या पेरिऑस्टियमपर्यंत (हाडावरच्या आवरणापर्यंत) जातात. ओढलंत की नेमके तेच तुटतात. अँटिबॉडी आत शिरावी म्हणून ट्रायटन (डिटर्जंट) ०.३ ते ०.५ टक्के. ब्लॉकिंगला, म्हणजे नको तिथे चिकटणं रोखायला, दुय्यम (चमकती खूण असलेली) अँटिबॉडी ज्या प्राण्याची, त्याचंच सीरम, ५ ते १० टक्के. प्राथमिक (तंतूतल्या प्रथिनाला धरणारी) अँटिबॉडी ४ अंश सेल्सिअसला ४८ ते ७२ तास. एका रात्रीत उरकलंत तर वरवरचेच तंतू रंगतात आणि 'खोलात काही नाही' असा निष्कर्ष निघतो. माऊसच्या ड्युरावर माऊसमध्येच बनवलेली अँटिबॉडी टाळा. इथल्या केशवाहिन्या छिद्रयुक्त असतात, त्यातून इम्युनोग्लोब्युलिन ऊतीत झिरपलेलं असतं आणि दुय्यम अँटिबॉडी त्यालाच जाऊन चिकटते.

अँटिबॉडी कोणत्या प्रथिनाविरुद्ध? सगळे तंतू हवेत तर पीजीपी ९.५ किंवा बीटा-थ्री ट्युब्युलिन. संवेदी तंतूंसाठी सीजीआरपी, सिंपथेटिकसाठी टायरोसिन हायड्रॉक्सिलेज, पॅरासिंपथेटिकसाठी व्हीआयपी. सीजीआरपीची स्लाइड बघताना धमनीवर डोळे लावून बसू नका. गठ्ठ्यातून एकेक तंतू सुटतो, वाहिनी सोडून कोलॅजनमध्ये शिरतो, मण्यांच्या माळेसारखा फुगत-आटत जातो आणि कुठलंही आवरण नसलेल्या टोकाशी संपतो. सिंपथेटिक तंतू मात्र बहुतांशी वाहिनीभोवती जाळी विणतात. टोल्युइडिन ब्लूने मास्ट पेशी (दाह घडवणाऱ्या रोगप्रतिकारक पेशी) रंगवून पाहा. त्यातल्या कित्येक तंतूंच्या अगदी लगत बसलेल्या दिसतील.

सिल्व्हर स्टेनवर माझा भरवसा नाही. रेटिक्युलर तंतूही चांदी पकडतात आणि हौशी डोळ्याला ते नर्व्ह वाटतात. ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे एन्झाइम दिसलं म्हणून तंतू पॅरासिंपथेटिक ठरवणंही चूक. ते संवेदी तंतूंतही असतं.

आता राहिलेल्या अटी. हे सगळं उंदरांच्या पातळ ड्युरासाठी. माणसाचा ड्युरा जाड असल्याने तो थरांत सोडवावा लागतो किंवा पारदर्शक करून घ्यावा लागतो. सीजीआरपी नसलेले संवेदी तंतूही असतात, तेव्हा त्या एका मार्करवरून एकूण घनता सांगू नका. पोस्टिरिअर फॉसाचा (कवटीच्या मागच्या खालच्या भागाचा) ड्युरा घेतलात तर तिथे मुख्यतः मानेच्या वरच्या तीन नर्व्ह आणि व्हेगसचे तंतू येतात, म्हणून ट्रायजेमिनलचा (बाकीच्या ड्युराला तंतू देणाऱ्या चेहऱ्याच्या संवेदी नर्व्हचा) नकाशा तिथे लावू नका. आणि अराक्नॉइडशी (ड्युराच्या आतल्या पुढच्या आवरणाशी) फट दिसली तर तिला सबड्युरल जागा म्हणू नका. ड्युराच्या सीमापेशींचा थर तयारीत फाटल्याची ती खूण असते.