असाकुसाच्या बाजारात सासूबाईंना काय खाऊ घालू?

प्रश्न : एप्रिलमध्ये आम्ही टोकियोला दिराकडे जाणार आहोत. सोबत 71 वर्षांच्या सासूबाई आहेत, त्यांना अंडंसुद्धा चालत नाही. आठ वर्षांचा मुलगा मात्र सगळं खातो. असाकुसाच्या देवळापुढे खाऊची पुष्कळ दुकानं आहेत असं ऐकलं. सासूबाईंनी तिथे नुसतं बघत फिरायचं का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नुसतं बघत कशाला फिरतील? मी चौदा वर्षं टोकियोतल्याच निशी-कसाईत राहते, आणि माझ्या आईला मी याच गल्लीतून दोनदा फिरवून आणलंय. तीही अंडं खात नाही.

गिंझा लाइननं असाकुसाला उतरा. ही मेट्रो 1927 साली उएनो ते असाकुसा अशी सुरू झाली, आशियातली ही पहिली भुयारी प्रवासी रेल्वे. वर आलात की जवळच लाल कागदी कंदिलाचं कामिनारीमोन, म्हणजे वीज-गर्जनेचं दार. तिथून सेन्सोजीच्या देवळापर्यंतची गल्ली ती नाकामिसे. लांबी जेमतेम अडीचशे मीटर, दुकानं नव्वदच्या आसपास. देवळाच्या आवाराची झाडलोट करणाऱ्या शेजारच्या लोकांना तिथे दुकान मांडायची मुभा मिळाली, त्यातून एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकाच्या दरम्यान, हा बाजार उभा राहिला. 1923 च्या भूकंपात विटांची दुकानं पडली. आज दिसतो तो बांधा 1925 चा.

आता खाण्याचं. सासूबाईंना पहिल्यांदा कामिनारी-ओकोशी द्या. फुलवलेला तांदूळ साखरेच्या पाकात बांधून वड्या पाडतात, कधी शेंगदाणेही असतात. आईनं पहिला तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "अगं, हा तर चुरमुऱ्याचा लाडू, फक्त चौकोनी केलाय!" ‘ओकोशी’त ‘उभं करणं’ हा अर्थही असल्यानं घर उभं राहावं, नाव व्हावं म्हणून तो शुभ मानतात. आईनं ते ऐकल्यावर शेजारणींसाठी चार पुडे बांधून घेतले.

दुसरं किबी-दांगो. वरीसारख्या धान्याच्या छोट्या गोळ्या काडीला ओवतात आणि वरून किनाको भुरभुरवतात. किनाको म्हणजे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, वासाला अगदी आपल्या डाळ्याच्या पिठासारखं. गरम असतानाच खायचे. मात्र ते मऊ आणि चिकट असतात, तेव्हा सासूबाईंना एकेक गोळी सावकाश चावून खायला सांगा. घशात अडकलं तर त्रास होतो. रताळ्याचं इमो-योकानही त्यांना आवडेल. रताळं, साखर आणि किंचित मीठ, एवढंच.

निंग्यो-याकी मात्र मुलासाठी, कारण त्याच्या पिठात अंडं असतं. पण ते करताना सासूबाईंनाही दाखवाच. आप्पेपात्राच्या जातीचा, पण दोन पाळ्यांचा लोखंडी साचा असतो. एका पाळीत पीठ ओततात, त्यावर अझुकीच्या, म्हणजे लहान लाल कडधान्याच्या, घोटलेल्या पुरणाचा गोळा ठेवतात, दुसरी पाळी मिटतात आणि साचा विस्तवावर उलटासुलटा करतात. साचा उघडला की कंदील, पाच मजली मनोरा, कबुतर असे आकार सुटून येतात. माझा मुलगा काचेला नाक लावून वीस मिनिटं उभा होता. आगे-मांजू, म्हणजे तळलेली पुरणभरली पुरी म्हणा, तिच्यातही अंडं असू शकतं. विचारून घ्या.

विचारायचं कसं, हे जास्त महत्त्वाचं. "शाकाहारी आहे का?" असं विचारू नका. एका उपाहारगृहात मी आईसाठी उदोन, म्हणजे रश्शातल्या गव्हाच्या जाड शेवया, मागवले आणि मांस आहे का, एवढंच विचारलं. नाही म्हणाले, आणि ते खोटंही बोलले नाहीत. पण रस्सा सुकवलेल्या कात्सुओ माशाचा होता. आईनं अर्धा वाडगा संपवला तेव्हा मला कळलं. ती काही बोलली नाही, घरी येऊन तिनं अंघोळ केली. ते मला अजून लागतं. म्हणून एकेक जिन्नस विचारा. "तामागो हाइत्तेमास का?" म्हणजे अंडं घातलंय का. तामागोच्या जागी कात्सुओ म्हटलं की मासळीचं कळतं. सोया सॉस लावून भाजलेल्या सेम्बेईसाठी, म्हणजे तांदळाच्या कुरकुरीत चकत्यांसाठीसुद्धा हे विचाराच, कारण चवीच्या अर्कात मासळी असू शकते.

एक रीत पाळा. खाऊ घेऊन चालत-चालत खायचा नाही. जिथे घेतला तिथेच, दुकानापाशी उभं राहून संपवायचा, काडी आणि कागद त्यांच्याच हाती परत द्यायचे. रस्त्यात कचरापेट्या सापडत नाहीत. सासूबाईंच्या पायांनाही हे बरं, प्रत्येक थांब्यावर दम घेता येतो.

दहाच्या सुमारास पोहोचा, दुपारी तिथे खांद्याला खांदा लागतो. सुटी नाणी जवळ असू द्या. आणि घरी न्यायचे ओकोशीचे पुडे पहिल्या दुकानात नका घेऊ, देवळातून परतताना घ्या. नाहीतर पुड्यांची पिशवी तुम्हालाच दर्शनाच्या पायऱ्यांवरून वाहावी लागेल.