मोटर सुरू झाली की स्पीकर खरखरतो आणि आरती पुन्हा पहिल्यापासून वाजते, काय करावं?

उत्तर:

तुमचा प्रश्न लांब आहे, म्हणून आधी तो दोन ओळींत मांडतो. गणपतीच्या देखाव्यात अर्डुइनो नॅनो (कोडवर चालणारा छोटा कंट्रोलर बोर्ड) आहे. आरतीसाठी डीएफप्लेअर मिनी (गाणी वाजवणारं छोटं मॉड्युल) आणि ३ वॅटचा स्पीकर, मागचं चक्र फिरवायला एल२९८एन ड्रायव्हरवर (मोटरला वीज देणारा बोर्ड) पिवळी बीओ मोटर, आणि उंदराचा हात हलवायला एसजी९० सर्वो (सांगितलेल्या कोनात वळणारी छोटी मोटर). सगळ्यांना वीज नॅनोच्या ५ व्होल्ट पिनमधून जाते आणि नॅनो मोबाइलच्या चार्जरवर चालतो. चक्र सुरू झालं की स्पीकरमधून खरखर येते, कधी आरती मध्येच तुटून पहिल्यापासून सुरू होते, आणि गाणं बदललं की उंदराचा हात उगाच झटका देतो. तुम्ही नॅनो बदलून पाहिला, कोड दोनदा नव्याने लिहिला, फरक पडला नाही.

फरक पडणारही नव्हता. तुमच्याकडचा नॅनो बहुधा चांगला आहे आणि कोडमध्ये बदलायचं ते फार थोडं आहे. मुख्य अडचण वीज कुठून कुठे जाते यात आहे, म्हणून खालच्या एका चाचणीपलीकडे काही दिवस कोडला हात लावू नका.

आधी नक्की कोण रिसेट होतंय ते शोधा. आरती पहिल्यापासून सुरू होते याची कारणं दोन असू शकतात: नॅनो रिसेट होऊन सेटअप (सुरुवातीला एकदाच चालणारा कोडचा भाग) पुन्हा चालतो, किंवा नॅनो ठीक असतो आणि एकटा डीएफप्लेअर बंद पडून परत उठतो. सेटअपमध्ये १३ नंबरच्या पिनवरचा एलईडी पाच वेळा सावकाश लुकलुकेल एवढंच टाका. चक्र सुरू करा आणि त्या एलईडीकडे बघत बसा. लुकलुकला तर नॅनो रिसेट झाला. नुसता आवाज गेला आणि एलईडी गप्प राहिला, तर डीएफप्लेअरचं व्होल्टेज पडलं. सीरियल मॉनिटरवर हे तपासायला जाऊ नका. तो उघडतानाच नॅनो रिसेट होतो, शिवाय लॅपटॉपची यूएसबी जोडली की विजेचं सगळं गणित बदलतं.

आता चक्र सुरू होताना काय होतं ते बघा. बीओ मोटर मोकळी फिरताना फार करंट घेत नाही, पण थांबलेली मोटर सुरू होते त्या क्षणी ती अँपिअरच्या घरात करंट खेचते. एसजी९० अडली तर तीही अर्ध्या अँपिअरच्या वर जाते. हा सगळा करंट चार्जरची केबल, नॅनोवरचा छोटा डायोड, ब्रेडबोर्डची पट्टी आणि बारीक जंपर वायर एवढ्या वाटेने जातो. जंपर आणि ब्रेडबोर्डचा मिळून ०.५ ओहम रोध धरा, त्यातून १ अँपिअर गेला की अर्धा व्होल्ट तिथेच संपतो. वर डायोडचा वेगळा, चार्जरच्या केबलचा वेगळा. ५ चे सहज ४ होतात.

नॅनोवरच्या एटीमेगा३२८पी चिपला १६ मेगाहर्ट्झवर नीट चालायला साधारण ३.८ व्होल्ट लागतात, पण नॅनोमध्ये व्होल्टेज पडल्यावर रिसेट करणारी मर्यादा नेहमी २.७ व्होल्टवर ठेवलेली असते. या दोन आकड्यांच्या मधे चिप रिसेटही होत नाही आणि तिच्यावर भरवसाही ठेवता येत नाही. देखावा कधी रिसेट होतो आणि कधी नुसताच गोठतो, ही तक्रार बऱ्याचदा इथून येते. मल्टिमीटरवर मात्र ४.९ दिसतं, कारण काही मिलिसेकंदांची घसरण त्याला दिसतच नाही.

अशा प्रश्नावर बहुतेक जण ‘एक कपॅसिटर लाव’ म्हणतात. लावायचा आहेच, पण त्याच्याकडून किती अपेक्षा ठेवायची ते हिशेबाने ठरवा. १००० मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरमधून १ अँपिअर घेतला तर एका मिलिसेकंदात त्याचं व्होल्टेज १ व्होल्टने उतरतं. मोटरला वेग धरायला याच्या कितीतरी पट वेळ लागतो. म्हणजे कपॅसिटर बारीक टोचे सोसेल, पण सुरुवातीची ओढ सोसणार नाही. ते काम ताकदवान वीजपुरवठ्याचंच. आणि चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी तर या कामाला मुळीच आणू नका. तिचा आतला रोध इतका असतो की मोटर लागताच ती बसते.

मी हे असं जोडेन. १२ व्होल्ट २ अँपिअरचा ॲडॉप्टर घ्या, जुन्या सेट-टॉप बॉक्सचा घरात असतो तो चालेल, फक्त लेबल वाचून घ्या. त्यावर एलएम२५९६ चे दोन बक मॉड्युल (व्होल्टेज कमी करणारे छोटे बोर्ड) लावा. काहीही जोडण्याआधी दोन्ही मल्टिमीटरवर बघत ५ व्होल्टला आणा. त्यावरचा निळा स्क्रू बरेच फेरे फिरतो, सुरुवातीला काहीच बदलत नाही असं वाटतं, धीर धरा. एका बकवर फक्त नॅनो आणि डीएफप्लेअर, दुसऱ्यावर मोटरचा ड्रायव्हर आणि सर्वो. नॅनोच्या ५ व्होल्ट पिनमधून मोटरला यापुढे काहीही द्यायचं नाही.

ग्राउंड सगळ्यांचा एकच हवा, पण तो एकमेकांतून ओवत नेऊ नका. मोटरच्या ड्रायव्हरची ग्राउंड वायर जाड घ्या आणि थेट ॲडॉप्टरच्या निगेटिव्हपर्यंत न्या, नॅनो आणि डीएफप्लेअरची वेगळी न्या, दोन्ही तिथेच एकत्र येऊ द्या. पुढे कधी पीएएम८४०३ सारखा ॲम्प्लिफायर जोडलात तर हे आणखी महत्त्वाचं ठरेल, कारण तिथे आवाजाचा सिग्नल एका व्होल्टच्या आत असतो आणि मोटरच्या परतीच्या करंटने ग्राउंडवर पडलेले ०.२ व्होल्ट सरळ कानात येतात. डीएफप्लेअरच्या दोन स्पीकर पिनांपैकी एकही ग्राउंडला लावायची नसते, हेही तपासा.

मग मोटरवर काम करा. तिच्या आतले ब्रश फिरताना सतत ठिणग्या पाडतात, तीच तुमची खरखर. मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा, अगदी मोटरच्या अंगावर, ब्रेडबोर्डवर नाही. मोटरच्या दोन्ही वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या आणि स्पीकरच्या वायरीपासून लांब ठेवा. ड्रायव्हरजवळ १००० मायक्रोफॅरड, डीएफप्लेअरच्या व्हीसीसी (पॉझिटिव्ह) आणि ग्राउंडवर ४७० मायक्रोफॅरड. पट्टी असलेली बाजू निगेटिव्ह, उलटा लावला तर फुटतो. नॅनोकडून डीएफप्लेअरच्या आरएक्स (सिग्नल घेणाऱ्या) पिनला येणाऱ्या वायरमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर घाला. ते मॉड्युल ३.३ व्होल्टच्या सिग्नलचं आहे आणि रेझिस्टर नसेल तर मोटर बंद असतानाही सूक्ष्म गुणगुण येते.

एल२९८एन बदलता आला तर बदला. जुन्या पद्धतीची चिप आहे, १ अँपिअरला जवळजवळ २ व्होल्ट स्वतःच खाते आणि तापते. ५ व्होल्टवर चालणाऱ्या छोट्या मोटरसाठी टीबी६६१२एफएनजी हा ड्रायव्हर कितीतरी बरा. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं एका फेरीत मिळतं.

एवढं झाल्यावर खरखर जाईल, पण चक्र हळू फिरवताना एक बारीक ‘सूं’ राहू शकेल. तो वेग कमी करणाऱ्या पीडब्ल्यूएमचा, म्हणजे वीज झपाट्याने चालू-बंद करण्याचा, आवाज आहे. नॅनोच्या बहुतेक पिनांवर ते ४९० हर्ट्झवर चालतं, ५ आणि ६ वर ९८० वर, आणि दोन्ही कानाला स्वच्छ ऐकू येतात. मोटरचा वेग ३ किंवा ११ नंबरच्या पिनवर घ्या आणि कोडमध्ये टायमर २ चा प्रीस्केलर (टायमरचा वेग ज्याने भागतात तो आकडा) १ करा, म्हणजे ते ३१ किलोहर्ट्झवर जाईल आणि ऐकू येणार नाही. टायमर ० ला हात लावू नका, डिले आणि मिलिस ही वेळ मोजणारी फंक्शनं त्याच्यावर चालतात. ९ आणि १० वरचं पीडब्ल्यूएम सर्वोची लायब्ररी बंद करते, तेव्हा मोटर तिथे ठेवूच नका.

राहिला उंदराचा झटका. हा मात्र कोडचाच भाग आहे, आणि मला या सगळ्यात सगळ्यात सुंदर वाटतो. सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी १ ते २ मिलिसेकंदांचा एक पल्स जातो आणि त्याच्या लांबीवरून हात किती वळायचा ते ठरतं. डीएफप्लेअरची प्रत्येक कमांड १० बाइटची असते. सॉफ्टवेअर सीरियल ९६०० बॉडवर एक बाइट पाठवायला सुमारे १ मिलिसेकंद घेतं आणि तेवढा वेळ इंटरप्ट (चालू काम थांबवून तातडीचं काम करायला लावणारे इशारे) बंद ठेवतं. नेमका तेव्हा सर्वोचा पल्स संपायचा असेल तर तो लांबतो, आणि उंदीर भलतीकडे हात फेकतो. म्हणून आधी हात जागेवर आणा, सर्वो डिटॅच करा (त्याचे पल्स थांबवा), कमांड पाठवा, मग पुन्हा अटॅच करा. आणि ‘वाजव’ ही कमांड लूपमध्ये दर फेरीला जात नाही ना ते बघा, गाणं बदलायचं असेल तेव्हा एकदाच जायला हवी.

दहा दिवस सलग चालणार आहे, तेव्हा ॲडॉप्टर आणि बक कापडाच्या झालरीमागे कोंडू नका. एक तास चालवून दोन्हींना हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर करंट कुठेतरी जास्त जातोय, बहुधा चक्र कुठेतरी घासत असेल.

हे सगळं करूनही आवाज राहिला, तर चक्राची मोटर ड्रायव्हरवरून काढून दोन पेन्सिल सेलवर वेगळी चालवा, बाकी सर्किट तसंच ठेवून. खरखर गेली तर विजेच्या वाटेत काहीतरी अजून सामाईक आहे. तशीच राहिली तर ती हवेतून वायरींमध्ये शिरतेय, आणि मोटरवरचा १०४ व वायरींची जागा पुन्हा तपासायची. निकाल काय आला ते, वायरिंगचा वरून काढलेला फोटो आणि ॲडॉप्टरच्या लेबलवरचे आकडे प्रश्नात जोडा, मी बघतो.