प्रयोगशाळेची शंकापेटी : लाळेतलं प्रोलिन दिसत का नाही?

प्रश्न (नांदेड) : लाळेतली मुक्त अमिनो आम्लं आम्ही ओपीए (ती डिटेक्टरला दिसावीत म्हणून लावायचं रसायन) लावून सी-१८ कॉलमवर (घटक वेगळे करणारी भरलेली नळी) एचपीएलसीने, म्हणजे द्रवातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या यंत्राने, मोजतो. बाकीचे पीक (आलेखावरचे उंचवटे) येतात, प्रोलिनचा पत्ताच नाही. शिवाय सकाळी चांगलं दिसणारं लायसिन संध्याकाळपर्यंत घटत जातं.

उत्तर : ओपीए फक्त प्राथमिक अमीनला (नायट्रोजनला एकच कार्बन जोडलेला) धरतं, प्रोलिन दुय्यम अमीन (दोन कार्बन जोडलेले) आहे, त्याला एफमॉक हे दुसरं रसायन लागतं. ०.४ मोलर बोरेट बफर (पीएच १०.२) ५ भाग, नमुना १ भाग, ओपीए १ भाग घ्या आणि मिनिटभराने एफमॉक घाला. हा क्रम उलटू नका. प्राथमिक अमीन ओपीएत अडकले की एफमॉक प्रोलिनच्या वाट्याला येतं. डिटेक्टर ३३८ नॅनोमीटरवर ठेवा आणि प्रोलिन यायच्या आधी २६२ वर वळवा.

लायसिनचं दुखणं निराळं. त्याचं ओपीएशी झालेलं संयुग फार वेळ टिकत नाही, ग्लायसिनचंही तसंच. सकाळी एकदम २० व्हायल (छोट्या बाटल्या) मिसळून ट्रेमध्ये रांगेने लावल्या तर शेवटच्या व्हायलीत काय उरणार? मिसळण्याचं काम ऑटोसॅम्पलरकडे (नमुना आपोआप यंत्रात सोडणारा भाग) द्या. हातानेच करायचं असेल तर स्टॉपवॉच लावा. मिसळल्यापासून इंजेक्शनपर्यंतचा वेळ दर नमुन्याला तोच हवा. प्रथिनं सल्फोसॅलिसिलिक आम्लाने काढत असाल तर मिश्रणाचा एक थेंब पीएच कागदावर टाकून बघा. उरलेल्या आम्लाने पीएच ९च्या खाली ओढला तर सगळेच पीक बारीक होतात.

प्रश्न (बीड) : गावोगावचे नमुने तपासतो. एकाच माणसाचे दोन दिवसांचे आकडे जुळत नाहीत. मशीन बिघडलं का?

उत्तर : मशीनवर संशय घेण्याआधी नळी बघा. तोंडातले जिवाणू आणि एन्झाइम नळीतही प्रथिनं तोडत राहतात, म्हणजे उन्हात फिरलेल्या नमुन्यात अमिनो आम्लं वाटेतच बदलतात. सकाळी उपाशीपोटी, दात घासण्याआधी लाळ घ्या. मशेरी, गुटखा, सुपारी त्याआधी नको. हे दोनदा विचारा, पहिल्यांदा बहुतेक जण ‘नाही’च म्हणतात. साध्या पाण्याने चूळ भरून १० मिनिटं थांबा. मग मान खाली घालून लाळ आपोआप नळीत गळू द्या, २ मिली पुरे. नळी बर्फात हवी. हिरडीच्या रक्ताने गुलाबी झालेला नमुना टाकून द्या. नळीच्या तोंडाला उघडं बोट लावू नका. घामातलं सेरीन आणि ग्लायसिन थेट तुमच्या आकड्यात येतं.

४ अंशांवर सेंट्रिफ्यूजमध्ये १०,००० जी (गुरुत्वाच्या १०,००० पट) बलाने १० मिनिटं फिरवा. वरच्या स्वच्छ द्रवाचे २०० मायक्रोलिटर घ्या, त्यात आधी नॉरव्हॅलिन (गळती मोजायला ठरलेल्या मात्रेत घालायचं संदर्भ अमिनो आम्ल) आणि मग ६०० मायक्रोलिटर थंडगार ॲसिटोनायट्राइल घालून पुन्हा फिरवा. नॉरव्हॅलिन नंतर घातलं तर मधल्या गळतीचा हिशेबच लागत नाही. लगेच चालवायचं नसेल तर छोटे भाग करून उणे ८० वर ठेवा, वितळलेला भाग पुन्हा गोठवू नका.

प्रश्न (परभणी) : मे महिन्यात दुपारी पीकच्या वेळा सरकतात.

उत्तर : बऱ्याच कॉलम ओव्हनना फक्त तापवता येतं, गार करता येत नाही. खोलीच ३८ अंशांवर गेली तर ४० ची सेटिंग नावापुरती उरते. एसी बंद पडला की रन थांबवा. फॉस्फेट बफर आत असताना वीज गेली, तर परत आल्यावर आधी १० टक्के मिथेनॉलचं पाणी अर्धा तास सोडा. थेट ॲसिटोनायट्राइल सोडलंत तर मीठ पंपातच बसेल.