‘मुलगा हॅकिंग शिकतो आहे, पोलीस घरी येतील का?’

समुपदेशक म्हणून माझ्याकडे येणारे दहावी-बारावीच्या मुलांचे पालक पूर्वी मोबाईलवरच्या खेळांबद्दल आणि अभ्यासाकडे होणाऱ्या दुर्लक्षाबद्दल विचारत असत. आता त्यांपैकी काही जण, बहुधा आवाज खाली आणून, आणखी एक प्रश्न विचारतात: मुलगा हॅकिंग शिकतो आहे, हे चालू द्यावे की वेळीच बंद करावे? ठाण्यात हा प्रश्न वारंवार यावा यात नवल नाही. ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात संगणकावर पोट असलेली हजारो माणसे ठाण्याहून ट्रान्स-हार्बर लोकलने रोज जातात, आणि त्याच माणसांच्या आईवडिलांना घरी ‘केवायसी संपली आहे’ असे सांगणारे भामट्यांचे फोन येतात. एकाच विद्येची कमाई आणि तिची भीती अशी एका घरात नांदते. पुढील हकीगत अशाच एका कुटुंबाची आहे. ओळख पटू नये म्हणून तिचे तपशील बदलले आहेत आणि ती लिहिण्यास मुलाची व पालकांची संमती आहे.

मुलगा सतरा वर्षांचा, बारावी विज्ञानचा. वडील रबाळे एमआयडीसीतील एका कारखान्यात देखभाल विभागात, आई वर्तकनगरजवळच्या एका पतसंस्थेत काउंटरवर. आईच्या काळजीला तिच्या कामाचा आधार होता, म्हणून ती हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. फोनवर ओटीपी सांगून पैसे गमावलेले वृद्ध ठेवीदार पासबुक घेऊन तिच्यासमोर उभे राहतात आणि १९३० या सायबर मदतक्रमांकावर तक्रार कशी करायची हे तीच त्यांना सांगते. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर सायबर हल्ला होऊन सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तेव्हापासून तिच्या कचेरीत ‘हॅकर’ हा शब्द दरोडेखोर याच अर्थाने वापरला जातो. अशा बाईला रात्री एक वाजता आपल्या मुलाच्या लॅपटॉपवर काळा पडदा आणि त्यावरून धावणारी हिरवी अक्षरे दिसली. “मॅडम, ज्यांच्यामुळे माझ्या काउंटरवर म्हातारी माणसं रडतात, त्यांच्यातलाच एक माझ्या घरात तयार होतोय की काय, हे मला कळेना,” असे त्या म्हणाल्या.

मग त्यांनी घाबरलेली आई जे करते ते सगळे केले. मुलगा आंघोळीला गेला की त्याचा फोन चाळला, रात्री दहाला राउटरची वायर काढून आपल्या उशाशी ठेवली, त्याच्या मित्राच्या आईला फोन केला. मुलाने दुसऱ्याच दिवशी मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला. वडिलांचे मत नेमके उलट होते: शिकू दे, यात पुढे पैसा आहे. दोघांमध्ये यावरून रोज वाद होत असे, परंतु ‘तू नेमके काय करतोस ते आम्हाला दाखव’ असे मुलाला दोघांपैकी कोणीही म्हटले नव्हते. अशा घरांत मला हीच गोष्ट पुनःपुन्हा आढळते. मनाई आणि कौतुक दोन्ही न पाहताच झालेली असतात.

मी मुलाला एकट्याला भेटले आणि लॅपटॉप उघडायला सांगितले. तो प्रथम मला तपासनीस समजला, परंतु दाखवायला लागल्यावर त्याचा स्वर बदलला. तो ओव्हरदवायर या विनामूल्य संकेतस्थळावरील ‘बँडिट’ नावाचा सराव करीत होता. त्यात दूरच्या एका संगणकावर प्रवेश करायचा आणि तेथे ठेवलेला पासवर्ड शोधून पुढच्या पायरीवर जायचे असते. आरंभीच्या एका पायरीवर पासवर्ड ज्या फाईलमध्ये आहे तिचे नावच केवळ एक आडवी रेघ असे आहे. फाईल वाचण्याची नेहमीची आज्ञा देऊन पुढे ती रेघ लिहिली, तर संगणक तिला फाईलचे नाव मानत नाही. मजकूर कीबोर्डवरून येणार आहे अशा समजुतीने तो नुसता वाट पाहत बसतो. नावाआधी एक टिंब आणि एक तिरकी रेघ लिहून ‘ही याच फोल्डरमधली फाईल आहे’ असे स्पष्ट केले, की फाईल मुकाट उघडते. हे मला समजावून सांगताना तो खुर्चीच्या कडेवर आला होता. आईने मध्यरात्री पाहिलेली हिरवी अक्षरे ती हीच.

“हा संगणक कोणाचा?” असे मी विचारले. “त्यांचाच, पण त्यांनी तो यासाठीच ठेवलाय,” असे त्याने सांगितले. “आणि जो संगणक यासाठी ठेवलेला नाही, अशा ठिकाणी काही केलंस का?” या प्रश्नावर तो बराच वेळ काही बोलला नाही. नंतर जे सांगितले त्यावरून घरातला खरा प्रश्न प्रथमच समोर आला.

तो ज्या शिकवणीला जातो, तिच्या संकेतस्थळावर चाचणीचे गुण पाहता येत असत. निकालाच्या पानाचा पत्ता त्याच्या हजेरी क्रमांकाने संपत होता. त्याने सहज शेवटचा आकडा बदलला, तर पुढच्या मुलीचे गुण, जन्मतारीख आणि तिच्या वडिलांचा मोबाईल क्रमांक समोर आला. पासवर्ड कोणी विचारलाच नाही. त्याने आणखी काही क्रमांक टाकून पाहिले, पडद्याचे छायाचित्र घेऊन एका मित्राला पाठवले, आणि मित्राने ते वर्गाच्या ग्रुपवर टाकण्याची सूचना करताच हा हादरला. तेव्हापासून त्याला झोप लागत नव्हती. रात्री जागून तो बँडिटच्या पायऱ्या चढत होता, कारण तेवढे एकच काम त्याला मनातून निर्धोक वाटत होते. घरी सांगावे तर आईची भीती खरी ठरणार होती आणि शिकवणीत सांगावे तर काढून टाकतील असे वाटत होते. ज्याला आई व्यसनाचे जागरण समजत होती, ते एका गुपिताचे जागरण होते.

कायद्याचा सल्ला देणे माझ्या अधिकारात नाही, म्हणून सायबर प्रकरणे पाहणाऱ्या एका वकिलांकडे मी कुटुंबाला पाठवले. त्यांनी सांगितलेला भाग प्रत्येक पालकाला ठाऊक असावा. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीवाचून दुसऱ्याच्या संगणकात प्रवेश करणे किंवा त्यातील माहिती उतरवून घेणे यासाठी भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या हेतूने केले, तर कलम ६६ नुसार तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. ‘दार उघडेच होते’ म्हणजे परवानगी होती असे होत नाही. दुसरीकडे हेतूला महत्त्व आहे, आणि पुढे कोण कसे वागले यावरून तो दिसतो. त्यांनी स्पष्ट सूचना दिल्या: ते पान पुन्हा उघडायचे नाही, मित्राकडील छायाचित्र काढून टाकायला लावायचे, ग्रुपवर काहीही टाकायचे नाही आणि शिकवणीला पालकांच्या सहीने लेखी कळवायचे.

पत्राचा पहिला मसुदा मुलाने लिहिला, आणि तो वाचून मला हसू आवरणे कठीण गेले. ‘तुमची यंत्रणा अत्यंत दुबळी असून मी ती काही सेकंदांत भेदली’ असा आरंभ होता आणि शेवटी बक्षिसाची विचारणा होती. मोठ्या कंपन्या दोष कळवणाऱ्याला पैसे देतात हे खरे आहे, परंतु त्या आपले नियम आधी जाहीर करतात: कोणत्या भागाची तपासणी करता येईल, कोठे थांबावे आणि कसे कळवावे. असे निमंत्रण नसताना दोष हातात धरून पैसे मागितले, तर वाचणाऱ्याला ते पत्र खंडणीचेच वाटणार. दुसऱ्या मसुद्यात त्याने काय केल्यावर काय दिसले एवढेच लिहिले, आपण माहिती जपून ठेवलेली नाही असे नमूद केले आणि दुरुस्तीची विनंती केली. संस्थेने दाद दिली नाही तर पुढची जागा सर्ट-इन ही आहे, हेही त्याला सांगितले. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाची ही संस्था २००४ पासून काम करते आणि असे दोष कळवून घेते. तशी वेळ आली नाही. शिकवणीच्या संचालकांनी प्रथम फोनवर वडिलांना बरेच सुनावले, मग निकालाचे पान बंद झाले आणि पुन्हा सुरू झाले तेव्हा पासवर्ड मागू लागले. आभाराचा शब्द आला नाही, आणि येणार नाही याची कल्पना मी मुलाला आधीच दिली होती.

या टप्प्यावर वडील अभिमानाने फुलले. त्यांचा आनंद थोडा आवरणे मला आवश्यक वाटले. वेबसुरक्षेच्या क्षेत्रात प्रमाण मानल्या जाणाऱ्या ओवास्प या संस्थेच्या २०२१ च्या यादीत ‘ज्याला जे पाहण्याचा अधिकार नाही ते त्याला दिसणे’ या प्रकारचे दोष पहिल्या क्रमांकावर आहेत. म्हणजे मुलाला सापडला तो दोष जगातल्या अतिशय सामान्य दोषांपैकी एक होता. त्याच्याकडे कुतूहल आहे आणि चिकाटी आहे. तो अलौकिक बुद्धीचा आहे असे यातून सिद्ध होत नाही. मुलाला हे आधीच माहीत होते आणि वडिलांच्या कौतुकाने तो संकोचतच होता.

आईचा पुढचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटला: “यात नोकरी म्हणजे माणूस दिवसभर करतो तरी काय?” महाप्याला एका सायबर सुरक्षा देखरेख केंद्रात काम करणारी एक तरुणी माझ्या ओळखीची आहे, तिला मी या कुटुंबाशी बोलायला बोलावले. तिने पाळ्यांच्या कामाचे वर्णन केले. ग्राहक कंपन्यांच्या यंत्रणांमधून अखंड नोंदी येतात, त्यांतून इशारे उठतात आणि त्यांतील बहुतेक खोटे निघतात. कोणी सुट्टीवर परदेशी गेलेला कर्मचारी तेथून मेल उघडतो आणि इकडे इशारा वाजतो. प्रत्येकाची तपासणी करून इंग्रजीत टिपण लिहायचे असते. सर्ट-इनच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांच्या आत कळवाव्या लागतात आणि नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात, त्यामुळे रात्रपाळीला सुटका नाही. बँकांना तर रिझर्व्ह बँकेने जून २०१६ मध्येच सायबर सुरक्षेचा आराखडा लागू केला असून अशा सततच्या देखरेखीची अपेक्षा त्यात आहे. हे ऐकून आई म्हणाल्या, “म्हणजे हे आमच्या ऑडिटसारखंच की, फक्त रोजच्या रोज.” मुलाचा चेहरा किंचित उतरला, आणि तो उतरणे आवश्यकच होते. हिरव्या अक्षरांच्या आकर्षणावर करिअर निवडणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षाचे कंटाळवाणे टिपणलेखन कोणी सांगत नाही.

वडिलांनी मात्र स्टेशनजवळच्या एका क्लासचे माहितीपत्रक आणले होते. ‘एथिकल हॅकर’चा, म्हणजे परवानगी घेऊन यंत्रणांतले दोष शोधणाऱ्याचा, काही महिन्यांचा अभ्यासक्रम आणि नोकरीची शंभर टक्के हमी. अशी हमी देणाऱ्यांविषयी माझे मत कठोर आहे: ती लेखी मागावी, आणि नोकरी लागली नाही तर फी परत मिळेल का, हे कागदावर विचारावे. बहुतेक वेळा संभाषण तेथेच संपते. त्या तरुणीचा सल्ला साधा होता. आधी बारावी, मग संगणक अभियांत्रिकी, बीएस्सी आयटी किंवा बीसीए यांपैकी जे जमेल ते, आणि त्यासोबत नेटवर्किंग, लिनक्स ही संगणकप्रणाली व एखादी प्रोग्रॅमिंगची भाषा पक्की करावी. प्रमाणपत्रे त्यानंतर. ओएससीपीसारख्या हॅकिंगच्या प्रमाणपत्र परीक्षेत जवळजवळ चोवीस तास प्रत्यक्ष यंत्रांवर काम करावे लागते आणि नंतर अहवाल लिहावा लागतो. पाठांतराने ती सुटत नाही. सरावासाठी पैसे मोजण्याची गरज या वयात नाही, कारण कार्नेगी मेलन विद्यापीठाची २०१३ पासून चालणारी पिकोसीटीएफ ही हॅकिंगची स्पर्धा मुख्यतः शाळकरी मुलांसाठी आहे आणि विनामूल्य आहे.

घरात जो करार झाला तो मुलाने स्वतः लिहिला. स्वतःच्या किंवा सरावासाठीच ठेवलेल्या यंत्रणेखेरीज कोठेही हात लावायचा नाही. यात सोसायटीतील शेजाऱ्यांचे वायफाय आणि ‘फक्त बघून दे’ म्हणणाऱ्या मित्राच्या मैत्रिणीचे इन्स्टाग्राम खातेही आले. परीक्षेपर्यंत लॅपटॉप अकराला बंद. रविवारी आठवड्याचे काम आईला दाखवायचे, आणि आईने त्याचा फोन लपून पाहायचा नाही. शेवटच्या अटीवर आई अडल्या होत्या, परंतु दाखवण्याची सवय लागलेल्या मुलावर पाळत ठेवण्याची गरज उरत नाही, हे त्यांना पटले.

घराची सुरक्षा मी त्याच्याकडे सोपवायला सांगितली. त्याला आढळले की राउटरच्या सेटिंगचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता, आणि आईने ईमेलपासून वीजबिलाच्या खात्यापर्यंत सगळीकडे एकच पासवर्ड वापरला होता, तोही मुलाच्या जन्मतारखेचा. दिवसभर ठेवीदारांना सावध करणाऱ्या आई त्या दिवशी चांगल्याच ओशाळल्या. ईमेलला दोन टप्प्यांची पडताळणी लावली गेली. पासवर्ड लिहिलेली वही फाडायला मात्र मी विरोध केला. कपाटातली वही पळवायला चोराला घरात यावे लागते. सगळीकडे वापरलेला एकच पासवर्ड कोणत्याही एका दुबळ्या संकेतस्थळावरून फुटू शकतो.

हे वाचणाऱ्या पालकांनी काळजी केव्हा करावी? काळा पडदा, टोपणनावे, इंग्रजी चर्चा आणि लिनक्सचे चिन्ह असलेल्या पेंग्विनचे स्टिकर या गोष्टी घाबरण्याच्या नव्हेत. मुलाच्या खात्यात कारण सांगता न येणारे पैसे येऊ लागले, नावावर जादा सिमकार्डे निघाली, टेलिग्रामवरील अनोळखी माणूस त्याला ‘कामे’ देऊ लागला, किंवा दुसऱ्याचे नुकसान झाल्याचे सांगताना त्याला मजा वाटू लागली, तर थांबू नये. विशेषतः ‘फक्त तुझे बँक खाते वापरू दे, टक्केवारी देतो’ हे आमिष कॉलेजच्या मुलांना दाखवले जाते आणि फसवणुकीचा पैसा त्याच खात्यातून फिरतो. पोलिसांचा माग आधी खातेदारापर्यंतच पोहोचतो. तसे काही आढळले तर त्याच दिवशी बँकेला कळवून वकिलांना गाठावे. समुपदेशकाकडे त्यानंतर आले तरी चालते.